बँकॉक? आणि तेही आईबरोबर?

ऑफिसमध्ये ‘बँकॉकला चाललेय’ असं नुसतं सांगून बघा. लगेच दोन भुवया वर आणि एक डोळा बारीक! त्यात ‘आईबरोबर’ असं जोडलं की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. पण खरं सांगू? आईला पहिल्यांदा परदेशी न्यायचं असेल तर यासारखं शहर नाही. मुंबईहून चार-साडेचार तासांची फ्लाइट, घड्याळ फक्त दीड तास पुढे आणि गल्लोगल्ली देवळं नि बाजार. आईला देवळं हवीत, मला बाजार. रजा मात्र दोनच दिवसांची, गुरुवार-शुक्रवार. पुढे वीकेंड. म्हणजे सगळा खेळ प्लॅनिंगचा!

देवळं सकाळी, वर्किंग डेला

पहिला नियम सोपा : देवळं शुक्रवारपर्यंत उरकायची, कारण मोठा बाजार शनिवार-रविवारीच भरतो. ग्रँड पॅलेस सकाळी साडेआठला उघडतो. तेव्हाच दारात हजर राहा. नंतर ऊन आणि टूरिस्ट बस एकदमच येतात. तिकीट ५०० बाथ. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, त्यामुळे शॉर्ट्स आणि स्लीव्हलेस हॉटेलवरच. आपला सलवार-कमीज इथे एकदम फिट. चपला पटकन काढता येतील अशाच घाला, दिवसभर तेच करायचंय.

निघताना आईचा प्रश्न होता, ‘अगं, त्यांच्या देवळात मी काय करणार?’ उत्तर पॅलेसच्या आवारातल्या वाट फ्रा केवमध्येच मिळालं. इथली ‘एमराल्ड बुद्धा’ची मूर्ती जेमतेम दोन फुटांची, हिरव्या दगडाची. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तिचे तीन पोशाख, आणि ते स्वतः राजा बदलतो. हे ऐकल्यावर आईला काही परकं वाटेना. देवाला ऋतूप्रमाणे कपडे, यात नवल ते काय! बाहेरच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर १७८ चित्रांत अख्खं रामायण आहे. थाई नाव ‘रामाकियन’. पांढराशुभ्र मारुती दिसला आणि त्यापुढे तासभर गाइड आई, टूरिस्ट मी.

तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर वाट फो. पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब! मागच्या भिंतीलगत १०८ वाडगी आहेत, एकेका वाडग्यात एकेक नाणं टाकत जायचं. तो टणटण आवाज ऐकत राहावा असा. मग समोरच्या था तियेन धक्क्यावरून होडीनं पलीकडे वाट अरुण. चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेलं शिखर. पायऱ्या मात्र भलत्याच उभ्या. गुडघे कुरकुरत असतील तर खालूनच बघा, काही बिघडत नाही.

बाजार : रात्री आणि वीकेंडला

वाट फोजवळच २०१९मध्ये सनम चाई मेट्रो स्टेशन सुरू झालं, त्यामुळे ट्रॅफिकची कटकट वाचते. याच स्टेशनपासून चालत पाक ख्लोंग तलात, म्हणजे फुलबाजार. चोवीस तास उघडा, पण खरी गडबड मध्यरात्रीनंतर. झेंडूचे ढीग, मोगऱ्याचे गजरे... दादरच्या फुलगल्लीत आल्यासारखं वाटतं, फक्त ऑर्किड जास्त!

शनिवार चतुचकचा. १५ हजारांहून जास्त स्टॉल्स, त्यामुळे ‘सगळं बघू’ हा हट्ट सोडा. मो चित स्टेशनला उतरा, सकाळी नऊ-दहाला पोहोचा आणि कपडे, भांडी, रोपं यातलं काय हवंय ते आधीच ठरवा. चुकामूक झाली तर भेटायची जागा मधला घड्याळाचा मनोरा. घासाघीस करा, पण हसत. आवाज चढवलात की भाव उतरत नाही.

खिशात ठेवा

- विमानात बसण्याआधी : १ मे २०२५पासून थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं, फुकट आहे. व्हिसाचे नियम तिकीट काढण्याआधी बघा.
- ‘पॅलेस आज बंद आहे, चला दुसरीकडे नेतो’ असं रस्त्यात कुणी गोड बोललं तर हसून पुढे जा. ती टुकटुक रत्नांच्या दुकानात थांबते.
- व्हेज म्हटलं तरी फिश सॉस पडतोच. ‘जे’ हा शब्द पाठ करा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात लिहिलेला दिसला की मांस, मासे, अंडं नाही, शिवाय कांदा-लसूणही नाही.
- भिक्षूंना बायकांनी स्पर्श करायचा नाही. बोटीत त्यांच्यासाठी जागा सोडा.
- नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. एप्रिलचं ऊन आईला नको, तुम्हालाही नको.

आणि हो, बॅगेत थोडी जागा रिकामी ठेवा. चतुचकमध्ये माझ्या दोन पिशव्या भरल्या, आईच्या चार.