मेजर मार्टिनचे खिसे

३० एप्रिल १९४३ रोजी स्पेनमधील वेल्वा शहराजवळच्या समुद्रात एका ब्रिटिश पाणबुडीने एक मृतदेह सोडला. अंगावर रॉयल मरीन्सच्या 'मेजर विल्यम मार्टिन'चा गणवेश होता. कमरेशी साखळीने अडकवलेल्या बॅगेत वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांची पत्रे होती. दोस्तांचा रोख ग्रीस आणि सार्डिनियावर आहे असा ग्रह त्यांवरून व्हावा. उतरायचे होते ते सिसिलीत. ईवेन माँटेग्यू आणि चार्ल्स चमली या रचनाकारांनी एक गोष्ट नेमकी ओळखली होती : पत्रांवर विश्वास बसायचा तर आधी माणसावर बसला पाहिजे.

म्हणून खिशांत वाग्दत्त वधूचे छायाचित्र, तिची दोन प्रेमपत्रे, अंगठीचे बिल, नाट्यगृहाच्या तिकिटांचे तुकडे आणि खात्यातून सुमारे ८० पौंड जादा उचलल्याबद्दल बँकेचे तगाद्याचे पत्र. फ्लोबेरच्या कथेतील वायुभारमापकाविषयी रोलाँ बार्थ यांनी १९६८मध्ये जे मांडले, त्याचा प्रयोग येथे आधीच झालेला दिसतो. कथानकाला निरुपयोगी असलेला तपशीलच 'हे वास्तव आहे' असे सुचवीत राहतो. मात्र फ्लोबेरचा वाचक आपण कथा वाचत आहोत हे जाणतो. या संहितेचा अभिप्रेत वाचक होता जर्मन हेरखाते. त्याने ती चोरून वाचावी आणि चोरून मिळाली म्हणूनच खरी मानावी, अशी ही योजना. त्याने तसेच वाचले. एक चिलखती डिव्हिजन फ्रान्समधून ग्रीसकडे गेली आणि जुलैत दोस्तांचे सैन्य सिसिलीत उतरले.

युद्धेतिहास येथे समाधानाने थांबतो. परंतु या कादंबरीतील पात्राला देह होता, आणि तो कल्पित नव्हता. ग्लिंडूर मायकेल हा वेल्समधला निराधार माणूस जानेवारी १९४३मध्ये लंडनमध्ये उंदराच्या विषाने मरण पावला. जिवंतपणी ज्याची कोणी दखल घेतली नाही त्याला मरणोत्तर हुद्दा, प्रेयसी आणि कर्जसुद्धा मिळाले. अट एकच, की त्याचे स्वतःचे चरित्र पुसले जावे. माँटेग्यूच्या १९५३च्या पुस्तकातही त्याचे नाव नाही. ते उजेडात आले १९९६मध्ये.

वेल्वाच्या दफनभूमीतील शिळेवर मार्टिनच्या कल्पित पित्याच्या नावात मात्र 'ग्लिंडूर' हा शब्द होताच. दडपलेल्या नावाचा हा एकमेव अवशेष दशकानुदशके उघड्यावर, कोणी न वाचता पडून होता. १९९८मध्ये तिच्यावर एक ओळ वाढवण्यात आली : ग्लिंडूर मायकेलने मेजर मार्टिन म्हणून सेवा बजावली. जणू त्याला कोणी विचारले होते. वरचे कल्पित आईवडील तसेच राहिले.