नंदू भेंडे : एझिकेल घराण्याचा रॉक गायक

आपल्या समाजातील नामवंत मोजताना आम्ही कवी निस्सीम एझिकेल यांचे नाव हटकून घेतो. त्यांचे भाचे नंदू भेंडे मात्र त्या यादीत क्वचितच येतात. त्यांची आई आशा भेंडे, माहेरच्या लिली एझिकेल, बेने इस्राएल. मराठी रंगभूमीवरील अभिनेत्री आणि लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासक. वडील नाट्यदिग्दर्शक आत्माराम भेंडे.

घरात मराठी नाटक, पण नंदूंनी धरला रॉक. मुंबईत ते ‘वेल्व्हेट फॉग’ आणि ‘सॅव्हेज एन्काउंटर’ या बँडमध्ये गायले. १९७४ साली अ‍ॅलेक पदमसी यांच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यांनी ज्यूडास, म्हणजे आपल्या भाषेत यहुदा, उभा केला. पुढे पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त हाच आवाज मराठी प्रेक्षकांनी ऐकला.

इंग्रजी रॉकवर तेव्हा पोट भरत नसे. मग सिनेमा. ‘डिस्को डान्सर’ (१९८२) मधले ‘कृष्णा धरती पे आजा तू’ हे गाणे नंदूंचे. लोकांना मिथुन आठवतो, बप्पी लाहिरी आठवतात. गाणारा आठवत नाही.

२०१४ साली नंदू वारले. आडनाव भेंडे, म्हणून त्यांना परके धरायचे का? आपला धर्म तर वंश आईकडून मोजतो. इस्राएलमध्ये वाढणाऱ्या आमच्या नातवंडांना गिटार आवडते, मराठी जेमतेम कळते. त्यांना मामांच्या कवितांबरोबर भाच्याची गाणीही ऐकवावीत, असे आम्हांला वाटते.