कधी वाजतं ते सांगा

गिऱ्हाईक गॅरेजच्या दारात गाडी लावतं आणि खाली उतरायच्या आधीच निदान सांगून मोकळं होतं: "मिस्त्री, पुढचा डावा शॉकअप गेलाय." आवाज कसला, कधीपासूनचा, कुठल्या रस्त्यावरचा, यातलं काही नाही. थेट पार्टचं नाव. माझं गॅरेज कराडात. कोयनेच्या खोऱ्यातल्या जीपा, वडापवाल्यांच्या जुन्या गाड्या आणि अलीकडे शनिवार-रविवारी डोंगर चढायला निघणाऱ्या हौशी मंडळींच्या फोर-बाय-फोर, सगळं माझ्याकडं येतं. येणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं असतं: कुठं वाजतं ते राहू द्या, कधी वाजतं ते सांगा.

'कुठं' याचं उत्तर केबिनमध्ये बसलेला कान देऊच शकत नाही. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पोलादातून पाच हजार मीटरच्या वर. माणसाला दिशा कळते ती आवाज एका कानाला आधी आणि दुसऱ्याला किंचित नंतर पोचतो म्हणून. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यापेक्षाही कमी असतो. मोकळ्या माळावर तेवढा पुरतो. गाडीत मात्र खालचा ठोका चॅसीतून धावत वर येतो आणि बॉडीचा पत्रा चहूकडून एकदम थरथरतो. निघतो एकीकडं, ऐकू येतो जिथला पत्रा जास्त मोकळा तिथून. त्यामुळं "डाव्या चाकातनं येतोय" हे वाक्य मी ऐकून घेतो, वहीत लिहीत नाही.

'कधी' याचं उत्तर मात्र पक्कं मिळतं. गतिरोधकावर दोन्ही पुढची चाकं एकदम चढतात. तिथं वाजलं तर दोन्ही बाजू सारख्या दबताना जे हलतं ते बघायचं: शॉकअपचे वरखालचे बुश, बंप स्टॉपर, स्प्रिंगच्या पाट्यांच्या क्लिपा. गतिरोधकावर गाडी गप्प, पण बांधावरून तिरकी उतरताना, एकच चाक खळग्यात जाताना वाजली, तर गाडी पिळली जाताना जे हलतं तिकडं जायचं: स्टॅबिलायझरची लिंक, पाट्याच्या टोकाचा शॅकल, कॉइलच्या गाडीत पॅनहार्ड रॉड, नाहीतर खुद्द बॉडी. पहिला गिअर काढून रिव्हर्स टाकताना एकच 'ठक्' झाला तर प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस किंवा यू-बोल्ट. यातला यू-बोल्ट मला जास्त भीती घालतो. तो सैल पडला की अ‍ॅक्सलचं हाऊसिंग पाट्यावर पुढंमागं सरकतं, सगळा मार एकट्या सेंटर बोल्टवर येतो आणि एक दिवस तो कातरला जातो. मग अख्खा अ‍ॅक्सल जागा सोडतो, गाडी रस्त्यावर तिरकी चालायला लागते. याउलट ब्रेक हलका दाबून खड्ड्यातून गेल्यावर आवाज बंद झाला, तर सस्पेन्शनला हातही लावू नये. आधी कॅलिपरमधले पॅड हलतात का ते बघावं.

उभ्या गाडीचं स्टेअरिंग डावी-उजवीकडं थोडंथोडं हलवून वाजत असेल तर टाय रॉड एंड आणि ड्रॅग लिंक तपासायच्या. एकानं स्टेअरिंग हलवायचं, दुसऱ्यानं एकेक सांध्यावर बोटं ठेवायची. चाकं जमिनीवरच हवीत. जॅकवर चाक लोंबकळायला लागलं की सांध्यातला प्ले एका अंगाला जाऊन बसतो आणि मोडीत काढण्यासारखा पार्टही चांगला वाटतो. गाडी वर घेतल्याशिवाय तपासणी झाली असं लोकांना वाटत नाही, त्याला काय करणार!

ऋतूचंही विचारावं. "पावसाळ्यात गप्प असते, दसऱ्यानंतर धूळ सुरू झाली की किरकिरते," असं सांगणारं गिऱ्हाईक माझं निम्मं काम करून आलेलं असतं. ही किरकिर कोरड्या रबराची नाहीतर कोरड्या पाट्यांची. साबणाचं पाणी घ्यायचं, एका वेळी एकाच बुशवर मारायचं आणि बंपर दाबून गाडी हलवायची. ज्या बुशवर पाणी पडल्यावर आवाज थांबला, तोच तो. पाणी वाळलं की आवाज परत येईल, येऊ द्या. आपल्याला नाव कळलं.

पावसाळ्याच्या तोंडावर जळकं ऑइल डिझेलमध्ये पातळ करून पाट्यांवर फवारायची पद्धत आपल्याकडं जोरात आहे. माझा तिला विरोध आहे. लोखंड गंजत नाही हे खरं, पण तेच ऑइल बुशच्या रबरात मुरतं, रबर फुगतं, मऊ पडतं आणि फाटतं. वर घाटातली लाल माती त्या ऑइलला चिकटते आणि तिचा घासायचा लेप होतो. या सवयीचं मूळ जुन्या जीपमध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीजच्या शॅकलला रबर नव्हतंच. शॅकल आटे पाडलेल्या पोलादी बुशमध्ये फिरायचा आणि त्याला ग्रीसचं निपल असायचं. काही शॅकलचे आटे तर उलटे होते. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत याच विलीजची जुळणी सुरू केली आणि मिस्त्रींची एक पिढी ग्रीस-गन हातात धरूनच तयार झाली. पोलादी बुशला ग्रीस हवंच, त्यांचं काही चुकत नव्हतं. पुढं रबरी बुश आले, ग्रीस-गन काही सुटली नाही.

आता ज्या गाडीमुळं हा लेख लिहायला घेतला तिच्याविषयी. पाटणच्या वरच्या अंगाला वस्ती असलेल्या एका आबांची जुनी फोर-बाय-फोर. पुढंमागं पाटे, दोन्हीकडं अख्खं हाऊसिंग, खाली लोखंडी चॅसी आणि तिच्यावर बोल्टांनी बसवलेली पत्र्याची बॉडी. "डाव्या चाकातनं टक् वाजतंय बगा. शॉकअप बदलले, शॅकलचे बुश बदलले. टक् काय जात न्हाई." दुसऱ्या गॅरेजात बरेच पैसे घालून आले होते आणि आता आणखी एखाद्या पार्टचं नाव ऐकायची त्यांची तयारी होती.

"आबा, डांबरीवर वाजतं?"

"न्हाई. गतिरोधकावर बी न्हाई. वस्तीकडं वळताना वढा हाय. तिथं उतरताना एकदा, चढताना एकदा. बास."

ओढ्यात ही गाडी एका चाकानं आधी उतरते आणि दुसऱ्या बाजूच्या चाकानं आधी चढते. म्हणजे पिळली जाताना एकदा आणि पीळ सुटताना एकदा. शॉकअप असता तर गतिरोधकावर बोलला असता. आबांच्या या एका वाक्यानं निम्मे पार्ट संशयातून सुटले.

ओढा गॅरेजात आणता येत नाही, पण पीळ आणता येतो. उरलेल्या चाकांना उट्या लावल्या, इंजिन बंद, आणि पुढच्या अ‍ॅक्सलच्या डाव्या टोकाखाली बॉटल जॅक लावून तो सावकाश वर घेतला. गाडीखाली कुणी गेलं नाही. तसं कधीच जायचं नाही. चाक वीतभर उचललं गेलं आणि 'टक्'. जॅक सोडला, परत 'टक्'. माझा हेल्पर डाव्या बाजूला कान लावून बसला होता. त्यानं शपथेवर सांगितलं असतं की आवाज डाव्या शॅकलचाच. मी त्याला शॅकलवर हात ठेवायला लावला. जॅक वर, 'टक्' झालं, पण हाताला काही लागलं नाही. मग पाट्याचा पुढचा डोळा, शॉकअपचं वरचं टोक, यू-बोल्ट. आवाज येतोय, हात गप्प. आवाज जिथून निघतो त्या सांध्यावर बोट असेल तर तो ठोका बोटाला टोचल्यासारखा कळतो. दुसरीकडं नुसती थरथर येते. हा फरक एकदा हाताला समजला की माणूस कानावर फारसा विसंबत नाही. क्लिपा लावायचे मायक्रोफोन आणि हेडफोन असलेलं 'चॅसी इअर' नावाचं हत्यार मिळतं. बेअरिंगसारख्या चालत्या गाडीतल्या घरघरीला ते उत्तम. अशा एका ठोक्याला मात्र बोटच चांगलं.

डावी बाजू संपली तेव्हा उजवीकडं गेलो. ड्रायव्हरच्या पायाशी, बॉडीच्या पुढच्या कोपऱ्याखाली, चॅसीच्या बाहेर आलेल्या ब्रॅकेटवर बॉडी जिथं बसते तिथं वरखाली रबरी गोट्या असतात. वरच्या गोटीच्या कडेवर बोट ठेवलं, जॅक वर घेतला, आणि ठोका नखाखाली लागला. सस्पेन्शनचा पार्टच नव्हता तो! आवाज उजवीकडं निघत होता आणि बॉडीच्या पत्र्यातून डावीकडं वाजत होता.

त्या बोल्टला पाना लावला. घट्ट. अगदी हलेना. आधीच्या मिस्त्रीनंही तो तपासला असणार आणि सोडून दिला असणार, आणि पान्यावर भरवसा ठेवला तर त्याचंही बरोबर. पण बॅटरी जवळ नेली तेव्हा वॉशरच्या कडेला गंजाची विटकरी पूड दिसली, मेंदीच्या पुडीइतकी बारीक, आणि वॉशरखाली पत्र्याची एक गोल रेघ आरशासारखी चकचकीत. बाकी सगळीकडं जुना चिखल. घट्ट बसलेल्या जोडावर अशी पूड पडत नाही. दोन लोखंडं एकमेकांवर केसभर सरकत असतील तरच ती पडते. सैल पार्ट शोधताना मी आधी ही पूड आणि ही चकाकी बघतो, पाना नंतर.

घट्ट बोल्ट आणि सैल जोड, हे एकत्र कसं? या रबरी गोटीच्या पोटात पोलादी नळी असते. बोल्ट तिच्यातून जातो. नवी गोटी नळीपेक्षा किंचित उंच असते. बोल्ट आवळला की रबर ठरलेल्या मापाइतकं दबतं आणि मग वॉशर नळीवर टेकतो, म्हणजे रबर चिरडलं जात नाही. वर्षानुवर्षं बॉडीचं वजन खाऊन रबर बसलं, नळीपेक्षाही आखूड झालं. आता बोल्टचा सगळा ताण नळीवर, रबराला पकडच नाही. चॅसी पिळली की बॉडी केसभर उचलायची आणि परत टेकायची. नळी गंजून बोल्टला धरून बसली होती, तो शेवटी कापूनच काढावा लागला. दोन्ही बाजूंच्या गोट्या, बोल्ट आणि वॉशर नवे घातले. आबांनी आधी बदललेल्या शॉकअपच्या पासंगालाही न पुरणारा खर्च.

गाडी परत देण्याआधी एक गोष्ट मी आपणहून केली. नव्या शॅकल बुशचे नट ढिले केले, गाडी चाकांवर उभी करून पुढून-मागून दाबली आणि मग आवळले. आधी ते चाकं लोंबकळत असताना आवळलेले होते. रबरी बुशमधली आतली नळी नट आवळल्यावर जागची हलत नाही, फिरणं सगळं रबराच्या पिळातून होतं. चाक लोंबकळताना आवळला तर गाडी जमिनीवर आल्याबरोबर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो. नंतर लोक म्हणतात, माल डुप्लिकेट होता.

तेव्हा आवाज घेऊन गॅरेजात जाल तर मिस्त्रीला शेजारी बसवून ज्या रस्त्यावर वाजतं त्या रस्त्यावर न्या. पार्ट बदलायचाच झाला तर एका वेळी एकच बदला, आणि जुना पार्ट हातात घेऊन तो कुठं झिजलाय ते विचारा. दाखवता आलं नाही तर पुढचा पार्ट बदलू देऊ नका. आणि दिवाळीच्या सुट्टीत गडावर, कोकणात कुठंही जाणार असाल आणि नुकतेच नवे पाटे बसवले असतील, तर पाचशे ते हजार किलोमीटरच्या आत यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या, गाडी चाकांवर उभी ठेवून, समोरासमोरचे नट आलटून पालटून. बहुतेक मिस्त्री याचे पैसे घेत नाहीत. घेतले तर द्या.