बुधवारची डाळिंबी

मराठी समीक्षेने ‘आस्वाद’ हा शब्द स्वयंपाकघरातून उचलला आणि पुढे त्याला असे काही सोवळे नेसवले, की तो कधी काळी पंक्तीत बसलेला होता अशी शंकाही कुणाला येऊ नये. वर्गात रससूत्र शिकवताना मात्र नाइलाज होतो. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय हे समजावण्याची वेळ येते तेव्हा भरत थेट जेवणाचाच दृष्टान्त देतो. नाना व्यंजनांनी सिद्ध झालेले अन्न खाताना प्रसन्नचित्त माणसाला जसा रसांचा आस्वाद मिळतो, तसा प्रेक्षकाला स्थायी भावांचा. हा दृष्टान्त मी पुष्कळ वर्षे शिकवला. त्यातला जेवणारा जणू एकदाच जेवायला येतो आणि तृप्त होऊन निघून जातो, याकडे माझे लक्ष गेले ते सदाशिव पेठेतल्या एका खानावळीमुळे.

खानावळीचे नाव महत्त्वाचे नाही. बारा टेबले, कोपऱ्यात हात धुण्याचे बेसिन, आणि गल्ल्याच्या वर एक काळा फळा. फळ्यावर सोमवार ते रविवार ही नावे पांढऱ्या तैलरंगाने कायमची रंगवलेली. प्रत्येक वारापुढे त्या दिवसाचा पदार्थ खडूने लिहिलेला. पोळी, वरण-भात, एक भाजी, कोशिंबीर हे रोजचेच. बदलतो तो हा एक पदार्थ. चार-चार पानी मेनूकार्डांवर वाढलेल्या माणसाला हा जुलूम वाटेल. इथे गिऱ्हाईक पदार्थ निवडत नाही. फार तर वार निवडतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत तोही त्यांच्या नोकरीने आधीच निवडलेला असतो.

माझ्यासाठी महाविद्यालयाच्या वेळापत्रकाने बुधवार निवडला होता. त्या दिवशी शेवटचे व्याख्यान साडेबाराला संपे आणि पुढे काही नसे. बुधवारी डाळिंबी उसळ. अशी सलग अकरा वर्षे गेली. एकदा कुठल्याशा कामाने त्या बाजूला गेलो असता मंगळवारी आत शिरलो, तर वाढप्याने ताट ठेवण्याआधीच मला सावध केले, “सर, आज बुधवार नाही.” त्याच्या लेखी मी एका वाराचा माणूस होतो, आणि ते खरेच होते.

२०१७ साली वेळापत्रक बदलले आणि रोजची दुपार मोकळी झाली. तेव्हा ठरवून आठवडाभर, मग महिनाभर, आणि पुढे सवयीने मी सगळे वार जेवलो. मंगळवारचे पिठले-भाकरी, शनिवारची मुगाची खिचडी आणि कढी यांत सांगण्यासारखे विशेष नाही. दोन्ही चांगली असत, इतकेच. रविवार दुपारचा मसालेभात आणि जिलबी ही तर पुण्याची ठरलेली मेजवानी. संध्याकाळी दार बंद. पण सोमवार मला ठाऊकच नव्हता. सोमवारी दुपारी खानावळ निम्मी रिकामी, फळ्यावर साबुदाण्याची खिचडी आणि वऱ्याचे तांदूळ. खरी गर्दी संध्याकाळी, उपास सोडणाऱ्यांची. श्रावणात तर दिवेलागणीलाच रांग लागे आणि त्या रांगेत नेहमीचे एकटे पुरुष कमी, म्हाताऱ्या बायका जास्त. गुरुवारी पिंपरी-चिंचवडकडच्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी. त्या दिवशी टेबलांवर कुटुंबे दिसत आणि मुलांसाठी तिखट वेगळे काढून ठेवलेले असे. जागा तीच, भांडी तीच, तरी सात निरनिराळ्या संस्था एकाच भाड्याच्या जागेत पाळीपाळीने भरत असाव्यात असे वाटे.

शुक्रवारी पुरणपोळी. तिच्यासोबत कटाची आमटी अर्थातच आली, कारण पुरणाची डाळ शिजवून जे पाणी उरते त्याचे दुसरे करणार काय? या आमटीने मला फळा वाचायला शिकवले. पदार्थांचा क्रम कुणाच्या लहरीने लागलेला नव्हता. रविवारी संध्याकाळी बंद असल्यामुळे दुपारच्या उरलेल्या पोळ्या सोमवारी सकाळी कुस्करून फोडणीला पडत. हा पदार्थ फळ्यावर कधीच नसे. तो नोकरमाणसांच्या न्याहारीचा होता आणि लवकर येऊन मागणाऱ्याला मिळे. एका वाराचे उरलेले दुसऱ्या वाराचे पहिले होत होते. आठवडा ही त्या स्वयंपाकघराची वाक्यरचना होती आणि मी अकरा वर्षे तिच्यातला एकच शब्द चवीने घोळवत बसलो होतो.

तो शब्द तरी सुटा कुठे होता? बुधवारची डाळिंबी बुधवारी होत नाही. सोमवारी वाल भिजत घालायचे, भिजले की उपसून फडक्यात बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा दोन बोटांत दाबून सालातून सोडवायचा. हे सोलणे यंत्राला जमत नाही असे नव्हे, पण मोड तुटता कामा नये आणि दाणा फुटता कामा नये, म्हणून ते हातानेच करायचे. शिजवतानाही डाव जपून फिरवायचा. मग आमसूल, गूळ, खोबरे, कोथिंबीर. मंगळवारी दुपारी जेवणे आटोपल्यावर मागच्या बोळात तीन बायका पातेल्यांभोवती बसलेल्या असत. मंगळवारी जेवू लागेपर्यंत मी त्यांना पाहिलेही नव्हते. भरताच्या दृष्टान्तात जेवणारा आहे, त्याचे प्रसन्न मन आहे, व्यंजनेही आहेत. आदल्या दिवशी सोलायला बसलेले कुणी नाही. आस्वादाच्या आपल्या चर्चेतही सहसा नसते. कवितेच्या मागे किती मंगळवार गेले, हा प्रश्न विचारला की तो चरित्राचा प्रश्न म्हणून बाजूला ठेवला जातो.

निवड नसण्याचे गोडवे गाताना एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. जेवणाच्या संदर्भात ‘वार’ या शब्दाला पुण्यात आणखी एक अर्थ होता. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत; सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. सात घरे मिळाली की आठवडा भरला. एखादा वार रिकामा राहिला तर माधुकरी, नाहीतर उपाशी झोपणे. १९०९ साली स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातल्या मुलांनीही माधुकरी मागून शिक्षण केले. त्या मुलाच्या लेखी वार म्हणजे एक घर, त्या घरची आमटी, आणि वाढणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावरचा त्या दिवशीचा भाव. त्यालाही निवड नव्हती. खानावळीने त्याच पेठांत वारांचा तोच क्रम ठेवला, पण त्यातून उपकार काढून टाकला. पैसे देऊन जेवणाऱ्याला कुणाच्या चेहऱ्याकडे पाहावे लागत नाही. हा फरक मला चवीपेक्षा मोठा वाटतो.

मार्च २०२० मध्ये खानावळ बंद झाली. पुन्हा उघडली तेव्हा टेबले सहा राहिली होती आणि डबे नेणाऱ्यांची खिडकी वेगळी झाली होती. फळा जागेवर होता. बुधवारपुढे ‘उसळ’ एवढेच लिहिलेले. कधी मटकी, कधी हिरवे मूग. मालकांना विचारले, तर ते म्हणाले, “वाल मिळतात हो सर, सोलणारे हात गेले.” तिघींपैकी दोघी गावी परतल्या, त्या आल्याच नाहीत. बाजारात सोललेले वाल मिळतात. त्यांचा एकदा प्रयोग केला, पण मोड अर्धे तुटलेले असतात आणि उसळीचा लगदा होतो, म्हणून त्यांनीच तो सोडून दिला. वार कायमचे रंगवावेत आणि पदार्थ खडूने लिहावेत ही मूळ मालकांची दूरदृष्टी म्हणायची की नुसती काटकसर, कोण जाणे.

तिसरी बाई पुण्यातच आहे. महिन्यातून एखाद्या मंगळवारी तिला वेळ झाला तर ती येते आणि एकटीने जेवढे होतील तेवढे सोलून जाते. ते वीस-पंचवीस ताटांना पुरतात. कोणता मंगळवार हे आधी कळत नाही आणि फळ्यावरही ‘उसळ’च राहते. यंदा वेळापत्रक करताना मी बुधवारी साडेबारानंतरचे व्याख्यान घेतलेले नाही.