पोरांच्या जलशातला बाळू

साताऱ्याच्या आमच्या वस्तीत पोरांचा जलसा बसवत होतो. ढोलकी, टाळ, न् पालवणकर बाळूची गोष्ट. चांभाराचं पोर, पुण्यात गोऱ्यांना नेटमधी बॉल टाकणारं. पुढं हिंदूंकडनं खेळला, पण चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात! १९११ला विलायतेत शंभरावर विकेटी काढल्या. तरी कप्तानपद नाहीच. ते १९२३ला धाकट्या विठ्ठलला मिळालं.

सांगलीच्या प्रयोगाआधी बाळू झालेलं पोरगं म्हणालं, "दादा, १९३७ला ह्यो बाबासाहेबांविरुद्ध उभा हुता?"

होता. काँग्रेसकडनं. पडला.

"मग ह्येला गायचं कशाला?"

मी गप. ते पान मीच फाडलेलं. रात्री चिकटवलं. सांगलीत ते कडवं सुरू झालं न् पुढचे दोघं म्हातारे उठून गेले. पोरं थांबली नाहीत.