एका पावलाचं बेट

निवतीच्या किनाऱ्यावर तीन दिवस काढले. त्यातले दोन बांगडे खाण्यात आणि झोपण्यात गेले, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तिसऱ्या दिवशी अष्टमी होती. भांगाच्या, म्हणजे छोट्या भरती-ओहोटीच्या, वेळी पाणी कमी खवळतं, म्हणून होडीच्या तांडेलाने हाच दिवस मुक्रर केला होता.

जायचं होतं वेंगुर्ला रॉक्सला. इंग्रजी नकाशांवर याच खडकांना ‘बर्न्ट आयलंड्स’ म्हणतात. जवळ गेल्यावर नाव पटतं. काळपट करपलेले कातळ, वर पक्ष्यांच्या शिटेचे पांढरे ओघळ, आणि त्यातल्या एकावर दीपगृह. सावली नाही, वाळू नाही, गोडं पाणी नाही. नारळ-पोफळीची हिरवी बेटं बघून माझे डोळे गुळमट झाले आहेत, त्यामुळे हा उग्र दगड मला पहिल्या नजरेतच आवडला. दगडाला मी आवडलो नसावा.

कारण तिथे धक्का नाही. होडी कातळाजवळ न्यायची, लाटेने ती वर उचलली की पाऊल टाकायचं. एवढंच. निघण्याआधी तांडेल म्हणाला होता, “सँडल काढा, पायाक दगडाची वळख होऊक व्हयी.” मी काढले नाहीत. पुण्याच्या दुकानदाराने ओल्या खडकावर न घसरण्याची हमी देऊन ते मला विकले होते, आणि छापील हमीवर माझा उगाच विश्वास असतो.

पहिली लाट आली. होडी वर गेली, कातळ माझ्या गुडघ्याला आला. मी विचार केला. विचार संपेपर्यंत कातळ डोक्याच्या वर होता आणि त्याला चिकटलेली धारदार कालवं नाकासमोरून सरकत होती. दुसऱ्या लाटेला मी एक पाय उचलला आणि परत ठेवला. तिसऱ्या-चौथ्या लाटेला फक्त मान हलवली. तांडेलाचा पोरगा एव्हाना दोर घेऊन वर पोचला होता आणि मला हात दाखवत होता. तो हात मला फार लांबचा वाटत होता. होडी पुन्हा बाहेर काढावी लागली, पुन्हा आत आणावी लागली. मशीनचा धूर, शिटेचा वास आणि सकाळची उकड्या तांदळाची पेज पोटात एकत्र ढवळत होती. तांडेल एकदाही वैतागला नाही, याचाच मला जास्त राग आला.

“लाट वर इली काय पाय टाका. खाली जाताना नको. वायंच थांबा... घाई काय असा?”

असा अर्धा तास गेला. शेवटी मी उडी मारली ती धैर्याने नव्हे, लाजेने. उजवा पाय लागला, डावा घसरला आणि हमीसकट डावा सँडल समुद्रात गेला.

यापुढे मी अनवाणी चाललो. तांडेलाचं म्हणणं खरं होतं. अनवाणी पावलाला कातळ बरोबर कळतो.

तांडेलाला दाखवायची होती ती पाकोळ्यांची गुहा. आम्ही तोंडाशीच बसलो. मी बॅटरी लावली, तशी त्याने लगेच हात आडवा घातला. “बंद करा. पिल्लां असत. हंय बगूचा नाय, आयकूचा.”

अंधारातून टक्-टक्-टक् असा आवाज येत होता, कुणी दोन गारगोट्या भरभर आपटाव्यात तसा. ही पाकोळी गुहेत आवाजाच्या पडसादावर वाट काढते. वटवाघळंही तेच करतात, पण त्यांचा आवाज सहसा आपल्या कानांना ऐकू येत नाही. हिचा येतो. तिला फांदीवर बसता येत नाही, नुसतं दगडाला लटकता येतं. घरटंही ती स्वतःच्या लाळेने भिंतीला चिकटवते. नेमकी हीच लाळ चिनी सुपात जाते. घरट्यांच्या चोरीसाठी गुहेत बांबूच्या परांच्या बांधल्या होत्या, असं तांडेल सांगत होता. पुढे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ही घरटी वाचवायचं काम हाती घेतलं.

मला मात्र पक्षीअभ्यासक हुमायून अब्दुलालींचं कुतूहल वाटलं. १९४२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यांनी इथल्या सुरय पक्ष्यांवर आणि पाकोळ्यांवर लेख लिहिला. ते इथे उतरले तेव्हा कितव्या लाटेला पाऊल टाकलं असेल? लेखात बहुतेक पक्षीच मोजलेले असणार.

भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी आम्ही तिथेच उन्हात खाल्ली. शिटेच्या वासात जवळ्याचा वास कुठल्या कुठे हरवला.

परतताना मी पहिल्याच लाटेला होडीत उतरलो. कुणी कौतुक केलं नाही. किनारा दिसू लागल्यावर तांडेलाने माझ्या हातातल्या उरलेल्या सँडलकडे पाहिलं.

“एक दर्याक गेलो, एक तुमका ऱ्हवलो,” तो म्हणाला आणि मशीनचा वेग वाढवला.