आपटा, कांचन आणि एकच आडनाव

पेढीवर एकाच नावाची दोन खाती निघाली, की मुनीम नावापुढे गावाचे किंवा वडिलांचे नाव लिहितो. वनस्पतिशास्त्राची वहीही तशीच चालते. तेथे वनस्पतीच्या नावापुढे ते नाव ठेवणाऱ्याचे नाव येते.

दसऱ्याला ज्याची पाने सोने म्हणून वाटली जातात, त्या आपट्याचेच उदाहरण घ्यावे. १७८५ मध्ये लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याला ‘बाऊहिनिया रेसिमोसा’ हे नाव दिले. पुढे व्हाल नावाच्या दुसऱ्या शास्त्रज्ञाने अगदी हेच नाव एका निराळ्याच, झाडांवर चढणाऱ्या दांडग्या वेलीला दिले. नियम असा, की आधीची नोंद कायम आणि नंतरची रद्द. १८३४ मध्ये वाइट आणि आर्नॉट यांनी त्या वेलीला ‘बाऊहिनिया व्हालाय’ असे नवे नाव ठेवले. ज्याची नोंद रद्द झाली, त्याचेच नाव वेलीला मिळाले! इतके सौजन्य बाजारात क्वचितच दिसते. मध्य भारतात या वेलीला माहुल म्हणतात. तिच्या पानांच्या पत्रावळी लावतात.

‘बाऊहिनिया’ हे या साऱ्यांचे आडनाव. योहान आणि कास्पर बाऊहिन या दोन भावांच्या स्मरणार्थ ते ठेवले गेले. पान एक, दले दोन. त्यांतील कास्परने १६२३ च्या आपल्या ग्रंथात सुमारे ६,००० वनस्पतींची, निरनिराळ्या ग्रंथकारांनी दिलेली नावे जुळवून लावली होती.

मुंबईच्या उपनगरांत घोटाळा होतो तो या जोडपानामुळेच. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत सोसायट्यांच्या आवारांत आणि रस्त्याकडेला आपट्यापेक्षा कांचनच अधिक भेटतो. त्यातला देवकांचन म्हणजे ‘बाऊहिनिया परप्युरिया’. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी स्टेशनाबाहेर झेंडूशेजारी मांडलेल्या जुड्यांत त्याच्या फांद्याही सोने म्हणून खपतात. वास्तविक ओळख सोपी आहे. आपट्याचे पान लहान, जाडसर, खरखरीत आणि लांबीपेक्षा किंचित रुंद. कांचनाचे मोठे आणि पातळ.

गिऱ्हाइकाचे नुकसान दहा-वीस रुपयांचे, ते सोडून देता येईल. झाडाचे तसे नाही. हिरवे पान विनाकारण तोडू नये असे मानणाऱ्या घरांना हे अधिक बोचेल. आपट्याची बारीक, फिकट पिवळसर फुले उन्हाळ्यात येतात. आश्विनात त्याच्या फांदीवर कळी नसते. देवकांचनाचा फुलोरा मात्र त्याच सुमारास सुरू होतो. जुडीतली मोठी पाने बाजूला सारून पाहिली, तर फांदीच्या टोकाशी मिटलेल्या कळ्या कधी कधी तशाच दिसतात.